भिंत पांढरी असेल तरच

आमच्या धक्क्यावरच्या लोकांना टोपणनावं ठेवल्याशिवाय अन्न पचत नाही. मला ‘दोरखंड’ म्हणतात. माझं दुकान दोऱ्या, रंग, खिळे आणि लाइफ जॅकेटांचं आहे म्हणून. आणि मी एकदा बोलायला लागलो की संपत नाही म्हणूनही, असं काही टवाळ सांगतात. त्यांच्याकडे मी लक्ष देत नाही. माझ्या मित्राला ‘कप्तान’ म्हणत, कारण त्याची होडी सगळ्या धक्क्यावर लहान होती. त्याच्या बायकोला मात्र कुणी नाव ठेवलं नाही. लहानथोर सगळ्यांच्या त्या वहिनी. आता त्या नाहीत, म्हणून त्यांच्याबद्दल सांगायला बसलो आहे. असताना सांगितलं असतं तर मला दुकानाबाहेर ओढून बोलल्या असत्या.

वस्ती संपते तिथे, खाडीच्या तोंडाशी, चढावर त्यांचं घर. दोन खोल्या, मागे स्वयंपाकघर, पडवीत जाळ्यांचा आणि डब्यांचा पसारा. घराची एक भिंत समुद्राकडे तोंड करून उभी आहे. तिला दार नाही, खिडकी नाही, नुसती उंच सपाट भिंत. गावातून ती दिसत नाही, धक्क्यावरूनही दिसत नाही, कारण खाडी मध्ये वळण घेते. ती दिसते फक्त पाण्यावरून. पण पाण्यावरच्या माणसाचं तिच्यावाचून भागत नाही.

खाडीच्या तोंडाशी पाण्याखाली वाळूचा मोठा उंचवटा आहे. आम्ही त्याला नुसतं ‘वाळू’ म्हणतो. तिच्यातून खोल पाण्याची एकच वाट जाते, तीही अरुंद. वाट चुकली की होडी वाळूला टेकते, मागून लाट येते आणि होडी आडवी होते. मग ती होडी किती चांगली, इंजिन किती नवं, हे प्रश्न उरत नाहीत. वाट ओळखायची खूण म्हणजे ही भिंत आणि तिच्यामागे टेकडीवर असलेली पाण्याची टाकी. टाकी भिंतीच्या बरोब्बर मधोमध डोक्यावर आली की समजायचं आपण खोल पाण्यावर आहोत. तसंच सरळ आत यायचं. लांबून दिसावी म्हणून भिंत चुन्याने पांढरी ठेवायची.

आता यातली खरी गोम ऐका. वादळ झालं की वाळू सरकते आणि वाटही सरकते. त्याच वादळाच्या पावसाने भिंतीचा चुना धुऊन निघतो आणि आतला तपकिरी दगड उघडा पडतो. हे कुणी ठरवून केलेलं नाही, पण आमच्या आजोबा-पणजोबांनी त्याचा नियम करून टाकला. वादळानंतर भिंत उघडी ठेवायची. मच्छीमार सोसायटीच्या माणसांनी शिशाचं वजन बांधलेली दोरी घेऊन जायचं, वाळूवर पाणी किती आहे ते मोजायचं, वाट कुठे गेली ते शोधायचं आणि मग चढावरच्या घरी जाऊन दारातून सांगायचं, ‘लावा चुना.’ तोपर्यंत कुंचला भिंतीला लागता कामा नये. वाट सरकली असेल तर पांढऱ्या भिंतीवर नव्या जागी काळा पट्टा ओढायचा; पट्टा नसेल तर टाकी मधोमधच धरायची. भिंत पांढरी असेल तरच आत यायचं. उघडी असेल तर बाहेरच थांबायचं, नाहीतर वरच्या अंगाला दुसरी खाडी आहे, तिचं तोंड रुंद आणि खोल आहे, तिथे होडी लावायची आणि बसने घरी यायचं.

वहिनी लग्न होऊन आल्या तेव्हा सासूने त्यांच्या हातात किल्ल्या दिल्या नाहीत, कुंचला दिला. वहिनींचं माहेर समुद्रापासून लांब. पाणी म्हणजे काय ते त्यांनी विहिरीतच पाहिलेलं. पहिल्या खेपेला शिडीवरून चुन्याच्या बादलीसकट खाली आल्या आणि डोक्यापासून पायापर्यंत पांढऱ्या झाल्या. कप्तान धक्क्यावर येऊन सगळ्यांना सांगत सुटला, “बायको नवऱ्याला चुना लावते म्हणतात ना, आमची ही स्वतःलाच लावून बसली.” त्या संध्याकाळी त्याला जेवायला मिळालं की नाही ते मला ठाऊक नाही. पण पुढे वहिनींच्या हाताला असं वळण बसलं, की भिंतीवर एक ओघळ दिसायचा नाही. खाडीत शिरणारी प्रत्येक होडी भिंतीकडे बघून हात वर करायची. वहिनी स्वयंपाकघराच्या बाजूच्या खिडकीतून बघायच्या आणि म्हणायच्या, “हात कसले करता, पाण्याकडे बघा मेल्यांनो.” तोंडाने असं, पण मनातून त्यांना ते फार आवडायचं.

त्यांचा एकच दोष सांगतो, कारण दोष न सांगता माणसाबद्दल बोललं की ते फोटोला हार घातल्यासारखं वाटतं. वहिनींना धीर नव्हता. वाट बघणं हा प्रकार त्यांच्या स्वभावातच नव्हता. पाहुणे यायच्या आधी चहा उकळून काळा व्हायचा. मुलीचं दप्तर आदल्या संध्याकाळीच भरलेलं असायचं आणि सकाळी तिला पेन्सिल हवी असेल तर ती तळाशी सापडायची. आणि अशा बाईचं लग्न झालं कप्तानाशी, ज्याचा सगळा जन्म थांबण्यात गेला. भरती येऊ दे, मग निघू. वारा पडू दे, मग बघू. घाईने समुद्रावर जाणाऱ्याला तो सरळ होडीतून उतरवायचा.

कप्तानाच्या सावधपणाची धक्क्यावर टिंगल व्हायची. होडी धक्क्याला बांधलेली असतानाही तो जॅकेट घालायचा. लोक म्हणत, हा झोपतोही त्यातच, वहिनींना विचारा. इंजिन बंद करणारी दोरी त्याच्या मनगटाला असायचीच, म्हणजे तोल जाऊन पाण्यात पडलाच तर इंजिन तिथल्या तिथे बंद पडावं आणि होडीने त्याला सोडून पळून जाऊ नये. इंधनाच्या टाकीचे त्याने तीन वाटे केले होते, एक जायला, एक यायला आणि एक समुद्राच्या मर्जीला. निघताना कुठे जातो, कधी येतो, हे वहिनींना सांगितल्याशिवाय पाऊल उचलायचा नाही. आणि रविवारी सकाळी माझ्या दुकानासमोर नव्या पोरांना जमवून फुकट शिकवायचा. ओहोटीचं पाणी बाहेर धावत असताना समोरून वारा असेल तर तोंडाशी लाटा कशा उभ्या राहतात, होडीत वजन कुठे ठेवायचं, उलटलीच तर होडीला धरून कसं राहायचं. शेवटी एक वाक्य सगळ्यांकडून म्हणून घ्यायचा, ‘भिंत पांढरी असेल तरच आत.’ पोरं हसत म्हणायची, पण म्हणायची. माझी जॅकेटं त्याच्यामुळे खपली, हे मी नाकारत नाही.

मुलीचं लग्न त्याने अशाच एका पोराशी लावून दिलं. जावई धक्क्यावरचाच, लहान होडीवाला, हसतमुख आणि थोडा उतावळा. कप्तान म्हणाला, “घरात एक उतावळी सांभाळली, आता आणखी एक.” वहिनी रागावल्या, पण जावयाला वाढताना हात आखडता घेतला नाही.

मग ते वादळ आलं. आधी दोन दिवस आभाळ बघूनच कप्तानाने होडी वरच्या खाडीत नेऊन ठेवली. तिथे आडोसा चांगला होता. वादळ उलटून गेलं की परत येतो, असं सांगून गेला. वादळाने आमची दैना केली. माझ्या दुकानाचा पत्रा उडून शाळेच्या मैदानात पडला. दोन होड्या रस्त्यावर येऊन पडल्या. फोन बंद, वीज बंद. दुसऱ्या दिवशी ऊन पडलं आणि जो तो आपापल्या छपराला लागला. वाळूवर मोजणीला जायचं राहिलं. उद्या जाऊ म्हणाले. घाई कुणाला होती? आमच्या समजुतीने पाण्यावर कुणी नव्हतंच.

दुपार कलली तेव्हा वहिनी धावत धक्क्यावर आल्या. अनवाणी. कोपरापर्यंत हात ओले. “होडी उलटली. ह्यांची होडी उलटली,” एवढंच त्या म्हणत होत्या. आम्ही किनाऱ्याकिनाऱ्याने पळत गेलो. होडी उपडी होऊन लाटांत आपटत होती. कप्तान तिच्यापासून थोड्या अंतरावर किनाऱ्याच्या रेतीला लागला होता. जॅकेट अंगात, पट्टे नीट आवळलेले, शिट्टी गळ्यात, तुटलेली दोरी मनगटाला. पाण्याने नव्हे, उलटताना होडीचाच काठ डोक्याला लागून तो गेला, असं डॉक्टर म्हणाले. इतका वजनदार माणूस तो नव्हता, पण त्या दिवशी मला तो उचलेना.

दुसऱ्या दिवशी मोजणी झाली. वाट डावीकडे सरकली होती. आता टाकी भिंतीच्या मधोमध नाही, डाव्या कोपऱ्यावर धरायची, तिथे काळा पट्टा ओढायचा, असं ठरलं. होड्या बाहेर पडल्या, तेव्हा भिंत पांढरीशुभ्र होती. दुःखातही वहिनींनी काम चुकवलं नाही, म्हणून लोक हळहळले.

भेटायला येणाऱ्यांची रीघ आठ-दहा दिवस होती. तोंडावर सगळे गोड बोलत. पण धक्क्यावर वेगळंच सुरू झालं. दोघे भाऊ आहेत आमच्याकडे, बर्फाच्या कारखान्यात काम करतात आणि फावल्या वेळात मासे धरतात. ते त्या सकाळी उथळ पाण्यात होते, वादळात तुटलेला नांगर गळ टाकून शोधत होते. ते म्हणाले, “आम्ही स्वतः पाहिलं. भिंत उघडी होती.” झालं. त्या वाक्याला पाय फुटले. भिंत उघडी असताना कप्तान आत शिरला! सगळ्या जगाला शिकवणारा, आणि स्वतः? घरी जायची घाई झाली असेल. म्हातारपण. शेवटी तोही आपल्यासारखाच. कुणी हसून म्हणायचं, कुणी चुकचुकून. खरं सांगायचं तर मीही मनातून त्याच्यावर चिडलो होतो. इतकी वर्षं डोकं खाल्लंस आणि शेवटी हे केलंस, असं मला एकट्याला दुकानात बसून त्याला बोलावंसं वाटायचं.

पण नुसत्या चिडण्यावर थांबलं असतं तर बरं झालं असतं. पोरांनी जॅकेटं घालायचं सोडलं. “कप्तानाने घातलं होतं, काय झालं?” रविवारी दुकानासमोर कुणी यायचं नाही. नवीन इंजिनवाला एक जण दोरी मनगटाला न लावता दिवसभर हिंडून आला आणि छाती पुढे काढून सांगत बसला. नियम काय, कप्तानसुद्धा पाळत नव्हता, असं म्हणायची सोय झाली होती ना! जावईही त्यातलाच. त्याचं जॅकेट माझ्या दुकानातल्या खिळ्याला लटकलं होतं. मी म्हटलं, घेऊन जा बाबा. तो म्हणाला, “राहू दे काका. बघितलं की सासऱ्यांची आठवण येते.” आठवण येते म्हणून अंगावर घालायचं, की खिळ्याला लावायचं? मी त्याला तिथल्या तिथे झाडला. तो हसला आणि गेला.

वहिनी एका सकाळी दुकानात आल्या, कंदिलाची वात घ्यायला. बाकावर दोन पोरं बसली होती. त्यांची पाठ दाराकडे. एक दुसऱ्याला म्हणत होता, “बोलायला काय जातं रे. वेळ आली तेव्हा कप्तानाने भिंतीकडे बघितलंसुद्धा नाही.” मी खोकलो. उशीर झाला होता. वहिनींनी वात घेतली नाही. दारातच उभ्या राहिल्या, मग मला म्हणाल्या, “भावोजी, सोसायटीची बैठक कधी असते?”

“आजच आहे. आता थोड्या वेळात. का?”

“मला यायचंय.”

सोसायटीची बैठक म्हणजे धक्क्यावरच्या पत्र्याच्या शेडमध्ये उपड्या टोपल्यांवर बसून भांडण्याचा कार्यक्रम. त्यात बायका क्वचितच येत. वहिनी आत आल्या. अध्यक्षांनी उठून आपली टोपली दिली. त्या बसल्या नाहीत. कोपऱ्यात त्यांची मुलगी आणि जावईही उभे होते, होडीच्या जागेचं काहीतरी काम होतं त्यांचं.

वहिनी म्हणाल्या, “भिंत उघडी नव्हती.”

कुणाला काही कळलं नाही. बर्फवाल्यांपैकी थोरला म्हणाला, “वहिनी, आम्ही सकाळी पाहिलं—”

“सकाळी होती उघडी. तुम्ही दोघं तिथे दोरी सोडून पाण्यात बघत होता. मला वाटलं मोजताय. परत जाताना तुम्ही माझ्याकडे बघून हात केलात. मला वाटलं झालं. दारात येऊन कुणी ‘लावा’ म्हणालं नव्हतं. मला माहीत होतं कुणी म्हणालं नाही. तरी मी बादली काढली.”

तो बिचारा म्हणाला, “वहिनी, आम्ही नांगर शोधत होतो. हात आपला असाच...”

“तुमचं काही नाही त्यात. ऊन होतं, लगेच वाळला चुना. दुपारी ह्यांची होडी दिसली. ह्यांनी लगेच आत नाही घातली. बाहेर थांबले. उभे राहून भिंतीकडे बघत होते, बराच वेळ. मग मधोमध धरून सरळ आले. जसं यायचं तसंच आले.” त्यांनी पदराने तोंड पुसलं आणि पुन्हा म्हणाल्या, “ते नियमानेच आले. नियम मी मोडला.”

अध्यक्ष भला माणूस, पण अशा वेळी भली माणसंच भलतं बोलतात. ते हळूच म्हणाले, “वहिनी, हे तुम्ही बोलला नसता तरी चाललं असतं. कुणाला कळलं नसतं.”

“तुम्ही त्यांना काय म्हणत होता, ते मला कळत होतं ना.”

मग कुणीतरी विचारलंच. “पण एवढी घाई का केलीत?”

वहिनी म्हणाल्या, “वादळाने घर सगळं काळंठिक्कर पडलं होतं. मला वाटलं, परत येताना त्यांना लांबूनच दिसावं, की घर आहे जागेवर. आपण आहोत.”

मी बाहेर येऊन दोरीच्या वेटोळ्यावर बसलो आणि रडलो. लाज वाटायचं कारण नाही, माझ्याआधी अध्यक्ष तिथे रडत बसले होते.

मुलगी रडली नाही. ती आईसमोर आली, तिच्याकडे नीट बघितलं आणि म्हणाली, “बाबांना तू...” वाक्य पुरं केलं नाही. निघून गेली. त्यानंतर वर्षभर ती चढावरच्या घरी फिरकली नाही. जावई अधूनमधून पिशवीभर सामान ठेवून यायचा, तेही बायकोला न सांगता.

बैठकीच्या दुसऱ्या दिवशी जावई दुकानात आला, खिळ्यावरचं जॅकेट काढलं आणि पट्टे आवळायला लागला. पुढच्या रविवारी पोरं दुकानासमोर येऊन उभी राहिली. शिकवायला कुणी नव्हतं. मग मीच जे आठवत होतं ते बडबडलो. दोरखंडाने बडबडायचं नाही तर कुणी?

सोसायटीने ठरवलं, की चुन्याचं काम आता दुसऱ्या कुणाकडे द्यावं. बाईच्या मनावर ताण नको, असं म्हणाले. खरं म्हणजे भरवसा उडाला होता, ते म्हणवेना. अध्यक्ष मला सोबत घेऊन चढावर गेले. वहिनी स्वयंपाकघरात तांदूळ निवडत बसल्या होत्या. निवडणं कमी आणि नुसतं बसणंच जास्त होतं. अध्यक्षांनी आडून आडून सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं.

“दुसऱ्या कुणाकडे दिलंत तर तो कधीतरी चुकेल,” त्या म्हणाल्या. “मी आता चुकणार नाही.”

अध्यक्ष माझ्याकडे बघायला लागले. मी म्हटलं, “मला काय विचारता? बरोबर बोलतायत त्या.” कुंचला तिथेच राहिला.

पुढच्या वर्षी पुन्हा वादळ आलं, आधीच्याहून थोडं कमी. जावयाने सासऱ्यासारखीच होडी वरच्या खाडीत नेली होती. वादळ सरलं त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी वहिनींकडे छपराला बांधायची दोरी घेऊन गेलो. भिंत उघडी पडली होती, तपकिरी, ओली. मोजणीला जायला माणसं अजून जमत नव्हती, कारण लाटा फार होत्या. मी शिडी लावतो न लावतो तोच मुलगी चढ चढून आली. वर्षभराने. धापा टाकत, केस सुटलेले. आईला काही न म्हणता ती सरळ स्वयंपाकघराच्या खिडकीशी गेली. मीही गेलो. बाहेर, वाळूच्या पलीकडे जावयाची होडी होती.

तो आत येत नव्हता आणि परतही जात नव्हता. एक फेरी मारायचा, थांबायचा, पुन्हा तोंडाकडे वळायचा. वारा वाढत होता. मला त्याचा स्वभाव माहीत होता. घर समोर दिसतंय, बायको आत आहे, जुनी वाट तर पाठ आहे, जाऊ या एकदा, असं त्याच्या मनात चाललेलं मला इथून दिसत होतं.

“आई, तो आत घालेल गं,” मुलगी म्हणाली. “काहीतरी कर. आई, कर ना काहीतरी.”

वहिनींनी पडवीतलं स्टूल उचललं. बाहेर गेल्या, भिंतीच्या मधोमध ते ठेवलं आणि समुद्राकडे तोंड करून त्यावर बसल्या. दोन्ही हात मांडीवर, उघडे. जवळ बादली नाही, कुंचला नाही. उघड्या भिंतीला टेकून एक बाई नुसती बसली आहे, एवढंच पाण्यावरून दिसलं असेल. वाऱ्याने त्यांचा पदर उडत होता, तो त्यांनी सावरला नाही. ज्या बाईला चहा उकळेपर्यंत दम निघत नसे, ती तिथे दगडासारखी बसून राहिली. मुलगी कोपऱ्याशी उभी राहून तोंडावर हात दाबून बघत होती.

किती वेळ गेला मला सांगता येणार नाही. मग होडी थांबली. जावई उभा राहिला. लांबून एवढासा, नारिंगी जॅकेट तेवढं ओळखू येत होतं. त्याने भिंतीकडे बघितलं, वहिनींकडे बघितलं. आणि होडीचं तोंड वरच्या खाडीकडे फिरवलं.

ती दिसेनाशी झाली तरी वहिनी उठल्या नाहीत. मुलीने जाऊन त्यांच्या खांद्यावर हात ठेवला, तेव्हा उठल्या. मुलगी त्या रात्री तिथेच राहिली.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी पुन्हा चढावर होतो, अर्धवट राहिलेलं छप्पर बांधत. वरून मला रस्ता दिसत होता. बस थांबली आणि जावई उतरला. जॅकेट काखेत, चपलेचा अंगठा तुटलेला, चेहरा रापलेला. वर येताना त्याची तक्रार सुरूच होती. बसला किती गर्दी, रात्री तिकडे डास किती, आणि कालपासून पोटात काही नाही. “आई, आधी जेवायला वाढा,” तो दारातूनच ओरडला. मुलगी धावत जाऊन त्याला बिलगली आणि त्याच्या पाठीत धपाटेही घालायला लागली. तो हसत म्हणाला, “अगं, एक दिवस उशीर झाला, एवढंच ना!”

वहिनी चुलीपाशी उभ्या होत्या. पातेलं उतरवायला हातात फडकं घेतलेलं. त्या जावयाकडे बघत राहिल्या, धुळीने भरलेल्या त्याच्या पायांकडे. मग खाली बसल्या. कप्तान गेल्यापासून कुणी त्यांना मोकळं रडताना पाहिलं नव्हतं. फडकं तोंडात कोंबूनही तो आवाज थांबेना. मुलगी घाबरली, जवळ जाऊन बसली, “आई, आलाय ना तो, बघ, आलाय,” म्हणत राहिली.

“हो गं,” वहिनी म्हणाल्या. “असेच आले असते. एक दिवस उशिरा, चालत, जेवायला मागत. असेच आले असते गं ते.”